घरचा कचरा आणि गावची विहीर

मे महिना सरत आला की गोव्याच्या खेड्यापाड्यांतून पावसाळ्यापूर्वीच्या कामांची लगबग सुरू होते. छपरावरची कौले चाळली जातात, पडवीत सरपण रचले जाते, गटारे मोकळी केली जातात आणि अंगणात, परसात व कुळागरात साचलेला पालापाचोळा झाडून एका कोपऱ्यात गोळा केला जातो. सायंकाळी त्या ढिगाला काडी लावण्याची चाल पूर्वापार आहे. परंतु आजच्या ढिगात नुसता पाला नसतो. त्यात दुधाच्या पिशव्या असतात, बिस्किटांची वेष्टने असतात, फाटक्या चपला, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि क्वचित एखादी निकामी बॅटरीही असते. त्यांतले काही जळते, काही अर्धवट वितळते आणि उरलेले राखेत तसेच पडून राहते. पुढे मृगाचा पाऊस येतो व ही राख वाहून नेतो. ती कोठे जाते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ती उतारावरून वहाळात जाते, शेतात जाते, आणि जमिनीत मुरून आपल्याच विहिरीत उतरते.

घरातील कचऱ्याची विल्हेवाट हा विषय क्षुल्लक वाटतो. वास्तविक त्याचा संबंध पिण्याच्या पाण्याशी, गोठ्यातील जनावरांशी, मुलांच्या फुप्फुसांशी आणि आता देशाच्या कायद्याशीही आहे. सदर लेखात या विषयाचा क्रमाने अभ्यास करावयाचा आहे. ग्रामस्थांना तो घरी उपयोगी पडावा, पंचायतीच्या सेवकांना कामात आणि शिक्षकांना वर्गात, अशा रीतीने त्याची मांडणी केली आहे.

१. कचरा बदलला, सवय बदलली नाही

आपल्या वाडवडिलांच्या घरातही कचरा होताच. भाजीची देठे, फणसाचे चारखंड, केळीची पाने, माशांचे खवले, चुलीतली राख, गोठ्यातील शेण व गोमूत्राने भिजलेला पाला हे सारे गायरीत, म्हणजे उकिरड्यात जाई. वर्षभराने तेच खत होऊन भाताच्या शेतात किंवा माडाच्या बुंध्याशी येई. चिंधी वातीला लागे, करवंटी डावाला किंवा जळणाला लागे आणि सोडणाचा दोर वळला जाई. जमिनीतून आलेली वस्तू पुन्हा जमिनीत जात असल्यामुळे ती कोठे टाकली याला फारसे महत्त्व नव्हते.

गेल्या काही दशकांत घरात येणाऱ्या वस्तूंचे स्वरूप पालटले. प्लॅस्टिक, थर्मोकोल, विजेरी, नळीचे दिवे, रंगांचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, एकदाच वापरावयाचे लंगोट या वस्तूंना माती पचवू शकत नाही. वस्तू नवी आली, पण ती टाकण्याची सवय मात्र गायरीच्या काळातलीच राहिली. प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे. कचरा टाकणारा माणूस पूर्वीपेक्षा वाईट झालेला नाही. त्याच्या हातातली वस्तू वेगळी झाली आहे आणि तिच्यासाठी हातालाही वेगळे वळण लावावे लागणार आहे.

२. जमिनीचा स्वभाव ओळखू या

गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. येथील बऱ्याच भूभागावर जांभा दगड आहे. जांभ्यात असंख्य छिद्रे व भेगा असतात. त्यामुळे पाणी त्यातून झपाट्याने मुरते. विहिरींना पाणी लागते ते या गुणामुळेच. परंतु हाच गुण कचऱ्याच्या बाबतीत घातक ठरतो. साचलेल्या ओल्या कचऱ्यातून काळपट, दुर्गंधीयुक्त पाणी पाझरते. त्यात कुजलेल्या पदार्थांचे अंश व रोगजंतू असतात आणि कचऱ्यात विजेरी अथवा रंग मिसळलेले असतील तर शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही असतात. मातीचा जाड थर असता तर त्याने यातील काही भाग गाळून धरला असता. जांभ्याच्या भेगेतून जाणाऱ्या पाण्याला तशी गाळणी मिळत नाही.

यास्तव कचरा खड्ड्यात पुरून टाकला म्हणजे प्रश्न मिटला, ही समजूत आपल्या प्रदेशात विशेष धोक्याची आहे. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते. ती पाण्याच्या वाटेला लागलेली असते.

३. जाळल्याने काय होते?

पुरण्यापेक्षा जाळणे बरे, असे अनेकांना वाटते. हेही तपासून पाहू.

उघड्यावरील आगीचे तापमान कमी व असमान असते, आणि तिला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. अशा आगीत प्लॅस्टिक पूर्ण जळत नाही. त्यातून काजळीचे अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी वायू बाहेर पडतात. वायरींची आवरणे, रेक्झीन यांसारख्या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकपासून डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. ती राखेबरोबर गवतावर बसतात, गवतातून गाईच्या पोटात जातात आणि चरबीत साठून राहत असल्याने दुधातही उतरतात. अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. घरातील तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे रुग्ण आणि वृद्ध यांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो.

येथे एका घरगुती सवयीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आपल्याकडे न्हाणीघरातील चुलीवर पाणी तापविण्याची पद्धत अद्याप पुष्कळ घरांत आहे. सोडणे, करवंट्या, चुडते यांचे सरपण त्यासाठी योग्यच होय. पण पावसाळ्यात सरपण ओले असले की चूल चटकन पेटावी म्हणून तीत प्लॅस्टिकची पिशवी घातली जाते. तिचा धूर बंद न्हाणीत कोंडतो आणि त्याच न्हाणीत थोड्या वेळाने बाळाला आंघोळ घातली जाते. ही एक सवय जरी या लेखाने सुटली, तरी लेखाचे काम पुष्कळ अंशी झाले असे समजावे. चूल पेटविण्यासाठी सुकी सोडणे व काड्यांची जुडी पावसाळ्यापूर्वीच आडोशाला ठेवून दिली म्हणजे पिशवीची गरज उरत नाही.

मोठ्या प्रमाणावर साठविलेल्या मिश्र कचऱ्याला लागलेली आग किती भयंकर ठरते, याची उदाहरणेही आपल्या समोर आहेत. मुंबईच्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये, मडगावनजीकच्या सोनसोडो येथील ढिगाऱ्याला मे २०१९ मध्ये आणि कोचीजवळच्या ब्रह्मपुरम् येथील ढिगाऱ्याला मार्च २०२३ मध्ये मोठ्या आगी लागल्या. ब्रह्मपुरम् येथील आग व धूर पूर्णपणे शमविण्यास सुमारे बारा दिवस लागले. अशा ढिगांत ओला कचरा हवेविना कुजतो व त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. त्याला सुक्या प्लॅस्टिकचे इंधन मिळते. ओले आणि सुके घरीच वेगळे झाले असते तर असा ढीग मुळात उभा राहिला नसता.

४. चार भांडी, चार वाटा

सर्व शास्त्रीय व्यवस्थेचा पाया एका साध्या कृतीत आहे. ती कृती म्हणजे उगमस्थानी वर्गीकरण. कचरा घरात निर्माण होतो त्याच क्षणी तो वेगळा ठेवणे सोपे असते. एकदा मिसळल्यावर तो वेगळा करणे महागाचे, किळसवाणे आणि बहुधा अशक्य होते. भाताची पेज सांडलेला कागद रद्दीतही जात नाही आणि काचेचा तुकडा पडलेले खत शेतात घालता येत नाही.

(अ) ओला कचरा : भाजीची साले, उष्टे अन्न, चहाचा चोथा, फळांच्या साली, माशांचे अवशेष, फुले, पाला. याची वाट परसातील खताकडे जाते.

(आ) सुका कचरा : कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, पत्रा, कापड, रबर. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये. तो बारीक तुकडा कोणत्याही यंत्राच्या वा हाताच्या तावडीत सापडत नाही. पिशवी विसळून व सुकवून ठेवावी. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यावी. ती उचलणाऱ्या सेवकाचा हात आपल्या हातासारखाच असतो.

(इ) स्वच्छताविषयक कचरा : सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे व रुग्णांचे लंगोट, जखमेच्या पट्ट्या. हे कागदात नीट गुंडाळून, त्यावर खूण करून स्वतंत्रपणे द्यावे. शौचकूपात टाकू नये, विहिरीजवळ पुरू नये, चुलीत घालू नये.

(ई) विशेष काळजीचा कचरा : विजेऱ्या, नळीचे व पाऱ्याचे दिवे, फुटलेला तापमापक, रंग, कीटकनाशकांच्या बाटल्या, मुदत संपलेली औषधे, मधुमेही रुग्णाच्या सुया. सुया जाड, झाकण असलेल्या डब्यात साठवाव्यात. कीटकनाशकाची रिकामी बाटली धुऊन पाण्यासाठी वापरण्याचा मोह कदापि होऊ देऊ नये.

यांखेरीज जुने दूरध्वनी संच, दूरदर्शन संच, संगणक, वायरी इत्यादी विद्युत वस्तू अधिकृत संकलन केंद्राकडे अथवा नोंदणीकृत पुनर्वापर उद्योगाकडे द्यावयाच्या असतात. इन्व्हर्टरची अथवा वाहनाची शिशाची बॅटरी नवी घेताना जुनी विक्रेत्याला परत करावी. तांब्यासाठी वायर जाळणे आणि शिशासाठी बॅटरी फोडणे ही कामे घराच्या अंगणात करावयाची नव्हेत.

५. परसातील खत : इंदूरचा वारसा

ओल्या कचऱ्यापासून शास्त्रशुद्ध खत करण्याच्या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात, हे मराठी वाचकांना अभिमानाने सांगण्यासारखे आहे. होळकरांच्या इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात काम केले. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांनी मिळून १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. पाला व काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देणे, ओलावा राखणे व ठरावीक अंतराने ढीग उलटणे, ही त्या पद्धतीची सूत्रे होत. पहिली उलटापालट सुमारे सोळा दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी केली म्हणजे तीन महिन्यांत खत तयार होते. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी छिद्रे ठेवलेल्या विटांच्या हौदात, कमी शेणात खत करण्याची 'नाडेप' पद्धत रूढ केली. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली येथे अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईच्या कामाला आयुष्य वाहिले. हे सारे ज्ञान आपल्याच देशात सिद्ध झालेले आहे.

घरापुरते खत पुढीलप्रमाणे करावे.

पहिली गोष्ट जागेची. विहिरीपासून किमान १५ मीटर दूर, तिच्यापेक्षा सखल बाजूस, पावसाचे पाणी साचणार नाही अशी जागा निवडावी. आपल्याकडील पाऊस पाहता खोल खड्ड्यापेक्षा जमिनीवर चिरे किंवा विटा रचून केलेला हौद बरा. चिऱ्यांच्या मधून बोटभर फटी ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळती राहील. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी एक मीटर पुरे. असे दोन हौद शेजारी शेजारी असावेत. एक भरत असता दुसरा मुरतो. वर झाप अथवा पत्रा घालून पावसाचा मारा चुकवावा.

दुसरी गोष्ट थरांची. तळाशी काटक्या व चुडत्यांचे तुकडे वीतभर घालावेत. त्यावर रोजचा ओला कचरा पसरावा आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुप्पट ते तिप्पट आकारमानाचा सुका पाला घालून तो झाकावा. आठवड्यातून एकदा शेणकाला व मूठभर जुने खत किंवा माती शिंपडावी. सूक्ष्म जीवांना कार्बन आणि नत्र यांचे २५ ते ३० भागांस एक भाग हे प्रमाण मानवते. सुक्या पाल्यात कार्बन अधिक असतो, तर ओल्या कचऱ्यात व शेणात नत्र अधिक. म्हणूनच जो पाला आपण मे महिन्यात जाळतो, तो खरे पाहता वर्षभराच्या खताचे भांडवल आहे. तो गोणपाटांत भरून पडवीत ठेवावा.

तिसरी गोष्ट देखरेखीची. ढिगातील पदार्थ मुठीत दाबल्यास हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये, इतपत ओलावा असावा. नीट जमलेला ढीग आतून ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्या उष्णतेने रोगजंतू व तणांची बीजे मरतात. दुर्गंधी आली तर ओल जास्त व हवा कमी झाली असे समजावे, पाला घालून ढीग उलटावा. मुंग्या लागल्या तर तो कोरडा पडला आहे, पाणी शिंपडावे. ढीग तापत नसेल तर शेणकाला वाढवावा.

माशांच्या अवशेषांमुळे मांजरे, कुत्री व उंदीर येतात, म्हणून अनेक घरे खताचा नाद सोडून देतात. त्यावर उपाय आहे. हे अवशेष ढिगाच्या मध्यभागी खळगा करून घालावेत व वर वीतभर माती आणि पाला द्यावा. तिसऱ्यांचे शिंपले लवकर कुजत नाहीत. ते कुटून माडाच्या आळ्यात घातल्यास जमिनीला चुना मिळतो.

६. थोडे गणित

शिक्षकांनी हा भाग फळ्यावर सोडवून दाखवावा. समजा, एका वाड्यावर ६० घरे आहेत आणि प्रत्येक घरातून दररोज एक किलोग्रॅम ओला कचरा निघतो. दिवसाला ६० किलोग्रॅम, तर वर्षाला २१,९०० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे २२ टन कचरा झाला. हा कचरा मिश्र स्वरूपात उचलावयाचा तर वाहन हवे, इंधन हवे, माणसे हवीत आणि जागा हवी. हाच कचरा परसात मुरला तर पंचायतीला त्यातील एक किलोग्रॅमही वाहून न्यावा लागत नाही. उरतो तो सुका कचरा. तो स्वच्छ व कोरडा असेल तर आठवडा काय, महिनाभरही घरात दुर्गंधीशिवाय राहू शकतो.

विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील ओला व सुका कचरा सात दिवस वेगवेगळा तोलावा व आपल्या वाड्याचे गणित स्वतः मांडावे. अंदाजाने घेतलेल्या आकड्यापेक्षा स्वतः तोललेला आकडा मनावर अधिक ठसतो.

७. कायदा काय सांगतो?

कचऱ्याविषयीचा कायदा हा केवळ शहरांसाठी आहे, असा समज खेड्यांतून आढळतो. तो दूर होणे अगत्याचे आहे.

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून या विषयाला राष्ट्रीय पातळीवर चालना मिळाली. त्यानंतर केंद्र शासनाने २००० साली नगरपालिका क्षेत्रांसाठी घनकचऱ्याचे नियम केले. २०१६ च्या नियमांनी ही मर्यादा ओलांडून शहरालगतच्या वस्त्या व 'जनगणना नगरे' यांनाही कक्षेत घेतले. गोव्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची होती. २०११ च्या जनगणनेत राज्याची ६२ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या नागरी गणली गेली आणि ग्रामपंचायत असलेली अनेक गावे त्या नोंदीत नगरे ठरली. २०१६ च्या नियमांची जागा घेणारे २०२६ चे नियम केंद्र शासनाने प्रसिद्ध केले असून १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख आहे. वर सांगितलेले चार प्रकारचे वर्गीकरण या नियमांतील आहे.

नागरिकाने ध्यानात ठेवावयाच्या मुख्य बाबी अशा :

(१) रस्त्यावर, गटारात, वहाळात, नदीत, मोकळ्या जागेत कचरा फेकणे, पुरणे अथवा जाळणे यांस मनाई आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशान्वये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये भरपाई आकारण्याचे ठरविले.

(२) गोव्यात अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा स्वतंत्र अधिनियम १९९६ पासून आहे. असा कचरा सार्वजनिक ठिकाणी, गटारात वा लोकांच्या दृष्टीस पडणाऱ्या जागी टाकण्यास त्याने प्रतिबंध केलेला आहे.

(३) सार्वजनिक झऱ्याचे अथवा जलाशयाचे पाणी बुद्ध्या दूषित करणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २७९ प्रमाणे अपराध आहे. जल प्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा कायदाही प्रवाहात व विहिरीत प्रदूषक पदार्थ सोडण्यास मज्जाव करतो.

(४) १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंना देशभर बंदी आहे. ताटल्या, पेले, चमचे, पेय पिण्याच्या नळ्या आणि सजावटीचे थर्मोकोल या वस्तू त्यांत येतात. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांनाही बंदी आहे.

(५) शंभराहून अधिक माणसांचा समारंभ करावयाचा असल्यास स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळविण्याची व कचरा वर्गीकृत करून देण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी आयोजकावर घातली. लग्न, मुंज, जत्रा, भजनी सप्ताह यांच्या आयोजकांनी ही गोष्ट आमंत्रणपत्रिका छापण्याच्या वेळीच मनात धरावी.

चतुर्थीच्या दिवसांत माटोळीची फळे, पाने, वेली व निर्माल्य यांचा मोठा साठा होतो. माटोळीतील सर्व वस्तू रानातून आलेल्या असल्यामुळे त्या खताच्या हौदात घालणे म्हणजे त्यांना मातीत परत पोचविणे होय. मात्र त्यांना बांधलेली प्लॅस्टिकची सुतळी व कृत्रिम फुले आधी सोडवून घ्यावीत.

८. पंचायतीचे कर्तव्य आणि ग्रामस्थांचा अधिकार

नागरिकांना कर्तव्य सांगताना शासनसंस्थेचे कर्तव्य झाकून ठेवणे योग्य नव्हे. वर्गीकृत कचरा उचलणे, तो पुन्हा एकत्र न होऊ देणे आणि त्याची योग्य ठिकाणी रवानगी करणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. गृहिणीने मेहनतीने वेगळी केलेली चार भांडी एकाच गाडीत ओतलेली तिला दिसली, तर दुसऱ्या दिवशी ती वर्गीकरण करणार नाही. तिचा दोष तरी काय? यास्तव गाडीत कप्पे असणे, संकलनाचा वार व वेळ फलकावर लिहिलेली असणे आणि ती पाळली जाणे हे कोणत्याही प्रबोधनापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. कचरा हाताळणाऱ्या सेवकांना हातमोजे, बूट व आवश्यक साधने देणे ही मेहेरबानी नसून त्यांचा हक्क आहे.

राज्यात साळगाव येथील प्रकल्प २०१६ साली व काकोडा येथील प्रकल्प २०२२ साली सुरू झाला. साळगाव येथे ओल्या कचऱ्यापासून जैववायू व त्यापासून वीज तयार होते. सुक्या कचऱ्यातील उपयुक्त माल निवडून गठ्ठे बांधले जातात आणि पुनर्वापर न होणारा ज्वलनशील भाग सिमेंटच्या भट्ट्यांकडे पाठविला जातो. इंदूर शहरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी दररोज ५५० टन ओला कचरा पचविण्याच्या क्षमतेचा जैववायू प्रकल्प सुरू झाला. परंतु यंत्र कितीही मोठे असो, त्याला मिसळलेला कचरा पचत नाही. इंदूरच्या यशाचा पाया दारोदार वेगळा ठेवलेल्या कचऱ्यात आहे. प्रकल्प शासन उभारील, पण त्याचे पहिले चाक प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात फिरावे लागते.

गावात संकलन नियमित होत नसेल तर ग्रामस्थांनी कचरा जाळून आपला राग काढू नये. पंचायत सचिवांकडे लेखी अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी, आणि ग्रामसभेत तो विषय इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, नोंदलेल्या तक्रारीला उत्तर द्यावे लागते. दरम्यान ओला कचरा परसात जिरवावा व सुका साठवून ठेवावा. ज्यांना परसू नाही अशा भाडेकरूंसाठी व वसाहतींसाठी वाड्यावर एक सामायिक खतहौद बांधण्याचा ठराव ग्रामसभेने करावा. त्याची देखरेख स्वयंसाहाय्य गटाकडे सोपविल्यास खताच्या विक्रीतून त्या भगिनींना काही प्राप्तीही होऊ शकते.

९. गोठ्याची साक्ष

हा विषय एवढ्या आग्रहाने का मांडावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पशुवैद्यकांकडे मिळते. उष्टे अन्न पिशवीत बांधून रस्त्याकडेला टाकले की चरावयास निघालेली गाय अन्नाच्या वासाने पिशवीसकट ते गिळते. प्लॅस्टिक तिला पचत नाही व बाहेरही पडत नाही. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात गोळा होत राहते. तिचे पोट भरल्यासारखे दिसते, पण अंगी काही लागत नाही. दूध आटते, रवंथ मंदावते आणि अखेरीस ती बसते ती उठत नाही. शस्त्रक्रियेत अशा जनावरांच्या पोटातून पिशव्यांचे मोठमोठे गोळे निघतात. ज्या घरात वसुबारसेला गाईची पूजा होते, त्याच घरातून ती पिशवी गेलेली असू शकते. पुण्य आणि पाप यांचा हिशेब बाजूला ठेवला, तरी ही एका शेतकरी कुटुंबाची बुडालेली मिळकत असते, हे विसरता येणार नाही.

संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावोगाव जे सांगितले, त्याचे सार एवढेच होते की स्वच्छता ही दुसऱ्याकडून करवून घ्यावयाची गोष्ट नव्हे. ते गावात येत तेव्हा आधी झाडू लागत आणि कीर्तन नंतर होई. आपणही आरंभ कृतीने करावा. उद्या सकाळी स्वयंपाकघरात दोन भांडी वेगळी ठेवावीत, पडवीच्या टोकाला एक पोते टांगावे आणि कपाटात एक झाकणाचा डबा ठेवावा. येत्या मे महिन्यात पाल्याच्या ढिगाला काडी लावण्यापूर्वी एकवार विहिरीत डोकावून पाहावे. त्या पाण्यात जे उतरणार आहे, ते आजच आपल्या हातात आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जांभा दगडाच्या प्रदेशात कचरा पुरणे अधिक धोक्याचे का?
२. पुढील वस्तू कोणत्या भांड्यात जातील ते सांगा : नारळाची शेंडी, मुदत संपलेले औषध, दुधाची पिशवी, फुटका नळीचा दिवा, तिसऱ्यांचे शिंपले, लहान मुलाचा लंगोट.
३. खताच्या ढिगाला दुर्गंधी येत असल्यास कोणता उपाय कराल? त्यामागचे कारण सांगा.
४. आपल्या घरातील सात दिवसांच्या कचऱ्याचे वजन करून वाड्याचा वार्षिक अंदाज काढा.
५. आपल्या गावातील विहिरी, वहाळ व कचरा टाकण्याच्या जागा दाखविणारा नकाशा काढा. पाणी कोणत्या दिशेने वाहते ते बाणांनी दाखवा व तो नकाशा पुढील ग्रामसभेत मांडा.